कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, पोट दिसत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फोनवरून आणि व्हिडिओवरून होणाऱ्या मानसोपचारांबद्दल आपल्याकडे अलीकडे आलेली पत्रं मी वाचली. काहींचं म्हणणं असं की ताणतणाव, झोप न लागणं, सौम्य नैराश्य यांच्यासाठी ही सोय ठीक आहे, पण स्किझोफ्रेनियासारख्या आजारात तिचा उपयोग नाही. काहींना उलट वाटतं, की आता दवाखान्याची पायरी चढायचीच गरज उरणार नाही. माझ्या धाकट्या भावाला 21 वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे आणि गेली पाच वर्षं त्याचे बहुतेक उपचार फोनच्या पडद्यावरून चालू आहेत. मला यातलं एकही म्हणणं पटत नाही. का पटत नाही, ते जरा सविस्तर लिहिते.

आधी दवाखान्यात जाण्याबद्दल. तपासणीच्या आदल्या रात्री भाऊ झोपायचा नाही. बसमध्ये कुणी हसलं की ते आपल्यालाच हसतात, असं त्याला वाटायचं. दोनदा तो मधल्याच थांब्यावर उतरून चालायला लागला आणि मी पिशवी सावरत त्याच्यामागे धावले. पोहोचलो तरी बाकावर तीन-साडेतीन तास बसायचं. नाव पुकारलं जाईपर्यंत त्याचे हात थरथरत असायचे. आत गेल्यावर डॉक्टरांना दिसायचा तो प्रवासाने आणि गर्दीने पार घाबरलेला माणूस. पाच-सात मिनिटांत त्यातलं आजाराचं किती आणि त्या दिवसाचं किती, हे कुणाला कसं कळणार? डोस वाढायचा. घरी आल्यावर तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पुढच्या तारखेला जायचं नाही म्हणायचा, मग गोळ्या सुटायच्या आणि काही आठवड्यांनी भरती करावं लागायचं. आजवर चार वेळा तो भरती झाला. त्यातल्या तीन वेळांची सुरुवात चुकलेल्या तारखेने झाली होती. म्हणून ‘गंभीर आजाराच्या माणसाने समोर येऊनच दाखवलं पाहिजे’ असं कुणी ठामपणे म्हणालं की मला तो बाक आठवतो.

व्हिडिओचा विषय निघाला तेव्हा मी स्वतःच नको म्हणाले होते. टीव्हीवरचे निवेदक आपल्याला निरोप देतात, असं ज्याला वर्षानुवर्षं वाटत आलं, त्याला पडद्यासमोर कसं बसवायचं? झालंही तसंच. पहिल्या कॉलच्या आधी त्याने फोनच्या कॅमेऱ्यावर जखमेवर लावायची चिकटपट्टी लावली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “असू द्या. मला तुमचा आवाज पुरेल. तुम्ही मात्र मला बघू शकता.” मग त्यांनी त्यांच्याकडचा कॅमेरा उचलला आणि हळूहळू सगळी खोली दाखवली. बंद दार, खिडकी, पुस्तकांचं कपाट आणि खाली वाकून टेबलाखालची जागासुद्धा. “इथे माझ्याशिवाय कोणी नाही. काहीही रेकॉर्ड होत नाहीये. पुढच्या वेळी पुन्हा दाखवते.” आणि खरंच, पुढे प्रत्येक कॉलला त्यांनी न चुकता खोली दाखवली. ‘मागे दाखवली की’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत. सातव्या कॉलला भावाने आपणहून ती पट्टी काढली. तिच्या गोंदाचा डाग त्या फोनवर अजून आहे.

हा प्रकार काही काल-परवा सुरू झालेला नाही. अमेरिकेत नेब्रास्काच्या मानसोपचार संस्थेने 1950 च्या दशकाच्या अखेरीसच दुतर्फी टीव्हीवरून उपचार करून पाहिले होते. पुढे 1960 च्या दशकात तिथले डॉक्टर शंभराहून अधिक मैलांवरच्या नॉरफोक इथल्या सरकारी मनोरुग्णालयाशी अशाच जोडणीतून बोलत असत. म्हणजे पडद्यावरून मानसोपचाराच्या पहिल्यावहिल्या प्रयोगांमध्येच मनोरुग्णालयात राहणारी माणसं होती. गंभीर आजाराला ही सोय चालत नाही, हे त्यामुळेही मला मान्य नाही.

घरातून बोलताना भाऊ वेगळाच असतो. स्वतःच्या पलंगावर मांडी घालून बसतो. नको झालं की “मॅडम, आज पुरे” म्हणतो. दवाखान्यात हे तीन शब्द उच्चारायची त्याची कधी छाती झाली नव्हती. आणि डॉक्टरांना असं काही दिसतं, जे त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत कधीच दिसलं नसतं. एकदा त्याच्या मागच्या खिडकीच्या काचांवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले त्यांच्या नजरेला पडले. तो तोंडाने सगळं ठीक आहे म्हणत होता, पण समोरच्या घरातले लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला पुन्हा वाटू लागलंय, हे त्या खिडकीवरून त्यांना कळलं. मी रोज त्या खोलीत जाते, तरी मला वाटलं होतं की उन्हासाठी लावले असतील.

एवढं चांगलं सांगितल्यावर आता आमच्यावर ओढवलेला प्रसंग.

भाऊ क्लोझापिन घेतो. दोन औषधं नीट घेऊनही गुण आला नाही, की बहुधा या गोळीचा विचार होतो. तिचा इतिहास मी एखाद्या विद्यार्थिनीसारखा वाचला आहे. 1975 मध्ये फिनलंडमध्ये या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून आठ रुग्ण दगावले आणि औषध जवळजवळ बाजूला पडलं. 1988 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी 30 टक्क्यांना त्याने गुण आल्याचं दिसलं. तुलनेला ठेवलेल्या जुन्या औषधाने 4 टक्क्यांना आला होता. तेव्हा रक्त नियमित तपासण्याच्या अटीवर ते परत आलं. सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्त, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. आमच्याकडे हे व्यवस्थित चालू होतं. रक्त जवळच्या प्रयोगशाळेत द्यायचं, अहवाल डॉक्टरांकडे जायचा, तो बघून त्या गोळ्यांची चिठ्ठी पाठवायच्या.

मधे आमच्या डॉक्टर काही महिने रजेवर होत्या. त्या काळात दुसऱ्या एका सेवेतून कॉल यायचे. कोण, कुठली, हे सांगण्यात मला स्वारस्य नाही. झोप कशी आहे, आवाज ऐकू येतात का, गोळ्या चालू आहेत का, मन कसं आहे, हे चार प्रश्न व्हायचे. रक्ताचा अहवाल उत्तम होता, आवाज कमी झाले होते, त्यामुळे चार मिनिटांत कॉल संपायचा. मलाही बरं वाटायचं. पोट साफ होतं का, हे कुणीच विचारलं नाही. भाऊ आपणहून सांगणाऱ्यातला नाही. या आजारात बरीच माणसं शरीराचं दुखणंखुपणं बोलून दाखवत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सहा दिवस त्याला शौचाला झालं नव्हतं. सातव्या रात्री उलट्या सुरू झाल्या. पोटाला हात लावला तर ते फुगून पाटासारखं टणक झालेलं. आतड्यांची हालचाल जवळजवळ थांबली होती. सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, असं त्या रात्री सर्जन मला म्हणाले.

तो वाचला. क्लोझापिनमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष झालं तर ती जिवावर बेतू शकते, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी 2020 मध्ये अधिक कडक केला होता, हे मी नंतर वाचलं. रक्ताच्या भीतीने आम्ही सगळे रक्ताकडेच बघत राहिलो होतो.

या प्रसंगाचा मी फार विचार केला आहे. आम्ही प्रत्यक्ष गेलो असतो, तर कुणी त्याच्या पोटाला हात लावला असता का? खात्रीने सांगता येत नाही. पण तिथे वजन करणाऱ्या सिस्टर होत्या. “काय हो, आज असे वाकून का चालताय?” असं त्या सहज विचारायच्या. व्हिडिओवर आल्यावर त्या सिस्टर आमच्या उपचारांतून गळाल्या आणि त्यांची जागा कुणीच घेतली नाही. डॉक्टर पडद्यावर आले. वजनकाटा, रक्तदाबाचा पट्टा आणि त्या सिस्टरांची नजर मागेच राहिली. जे पडद्यावरून विचारता येतं, तेवढेच प्रश्न शिल्लक राहिले. चूक झाली ती इथे.

गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे विकार अशा शरीराच्या आजारांनी होतात. ज्या गोळ्यांनी मन ताळ्यावर येतं, त्यातल्या काहींनी वजन आणि साखर वाढते. अशा माणसाला फक्त चेहऱ्यापुरतं तपासणं म्हणजे अर्धंच तपासणं.

आता कॉलच्या आदल्या संध्याकाळी भाऊ स्वतः एका वहीत लिहितो. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, नाडी, शौचाला शेवटचं कधी झालं, किती गोळ्या चुकल्या, किती सिगारेटी ओढल्या. सिगारेटींचा रकाना मॅडमनी मुद्दाम घालायला लावला. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं. माणसाने एकदम सिगारेट सोडली, तर तीच गोळी तेवढ्याच मात्रेत जास्त चढते. एकदा तापात आठवडाभर तो सिगारेट प्यायला नाही, तेव्हा सारखा पेंगत होता, लाळ गळत होती. वहीतला तो रकाना बघून मॅडमनी त्याच दिवशी डोस कमी केला आणि रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायला सांगितलं.

दर तीन महिन्यांनी हालचालींची तपासणी होते. जुन्या औषधांमुळे ओठ, जीभ, बोटं यांच्या आपोआप हालचाली सुरू होऊ शकतात आणि त्या लवकर ओळखाव्या लागतात. त्या दिवशी मी फोन हातात घेऊन खोलीच्या एका टोकाला उभी राहते. तो चपला काढून खुर्चीत बसतो, हात गुडघ्यांवर ठेवतो, पावलं जमिनीला टेकवतो. मॅडम सांगतात, “ताई, जरा मागे व्हा, मला बोटं दिसू द्या.” मग तो जीभ बाहेर काढतो, अंगठ्याला एकेक बोट लावतो, भिंतीपर्यंत चालत जाऊन परत येतो. चालताना त्याचा डावा हात नीट झुलत नाही, हे मॅडमनी असंच पकडलं. खोलीत उजेड कमी असला, की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करायला लावतात. कॅमेऱ्यातून दिसत नाही असं नाही. पण दाखवणारं कुणीतरी या बाजूला उभं लागतं आणि काय बघायचं हे विचारणारं कुणीतरी त्या बाजूला.

मात्र त्या उभ्या राहणाऱ्या माणसाने कधी बाहेर जायचं, हेही शिकावं लागतं. ते मी उशिरा शिकले. पहिलं वर्षभर मी भावाशेजारी बसून त्याची उत्तरं द्यायची. “नाही हो मॅडम, परवा रात्री जागाच होता.” “खोटं सांगतोय, दोन गोळ्या तशाच आहेत.” मला ती काळजी वाटायची. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकापासून रुग्णांच्या घरातल्या वातावरणावर काम केलं. ज्या घरांत टोचून बोलणं किंवा अति गुंतणं जास्त असतं, तिथे परतलेल्या रुग्णांचा आजार जास्त वेळा उलटतो, असं त्यांना आढळलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घराचंच वर्णन वाचल्यासारखं झालं.

एकदा कॉल चालू असताना तो बोलायचा थांबला आणि पडद्यावर खाली टाइप करू लागला. फोन माझ्या हातात होता, म्हणून मी वाचलं: “ताईला बाहेर पाठवा.” मला फार लागलं. मी फोन त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. वीसेक मिनिटांनी माझाच दुसरा फोन वाजला. मॅडम होत्या. “भावाशी बोलूनच तुम्हाला सांगतेय. त्यांना जीव द्यायला सांगणारे आवाज येताहेत. आत्ता त्यांना एकटं ठेवू नका, सगळी औषधं तुमच्या ताब्यात घ्या आणि तासाभरात रुग्णालयात पोहोचा. मी तिथल्या डॉक्टरांना कळवते. तोवर मी त्यांच्याशी बोलत राहते.” आम्ही पोहोचेपर्यंत त्या खरोखरच त्याच्याशी बोलत होत्या. बोलणं हवापाण्यावर आलं होतं, पण त्यांनी फोन ठेवला नाही.

मॅडम प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला दोन प्रश्न विचारतात: आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात आणि जवळ कोण आहे. मला ती उगाच एक औपचारिकता वाटायची. त्या संध्याकाळी तिचं महत्त्व कळलं. दूरच्या डॉक्टरला धावत येता येत नाही. म्हणून धावणाऱ्याचा नंबर त्याच्याकडे आधीपासून असावा लागतो. आता मी कॉल जोडून देते, वही समोर ठेवते आणि बाहेर जाते. तो कानाला हेडफोन लावतो. शेवटची पाच मिनिटं, त्याची हरकत नसेल तर, मला आत बोलावलं जातं.

मोबाइल अ‍ॅपबद्दलही आपल्या वाचकांनी बरंच लिहिलं आहे. आजार उलटण्याची चाहूल फोन आधीच देईल, असं म्हणतात. आमच्याकडे चाहूल मलाही कळते. तो आरशावर टॉवेल टाकतो, रात्री येरझाऱ्या घालतो, सारखी वेळ विचारतो. प्रश्न पुढचा आहे. चेक प्रजासत्ताकात रुग्णाला आणि घरच्या एका माणसाला दर आठवड्याला दहा प्रश्नांचा एसएमएस पाठवण्याची एक योजना होती. उत्तरांतून धोका दिसला की डॉक्टरांना सूचना जायची. काळजीपूर्वक चाचणी केल्यावर लक्षात आलं, की सूचना मिळूनही पुष्कळदा डॉक्टरांनी औषधात बदल केला नव्हता, आणि मग योजनेचा व्हायला हवा तसा परिणाम दिसला नाही. यंत्राने हाक मारली तरी ओ देणारा माणूस ठेवावाच लागतो.

आणि काही गोष्टी पडद्यावरून होतच नाहीत, हेही सांगते. काहींना रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्याचं इंजेक्शन असतं, ते कुणीतरी हातानेच द्यावं लागतं. आयुष्यात पहिल्यांदा आजाराचा झटका येतो, तेव्हा मेंदूचा किंवा शरीराचा दुसरा आजार नाही ना, हे प्रत्यक्षच तपासावं. जो माणूस खात-पीत नाही, बोलत नाही, अंग ताठ करून तासन्‌तास एकाच स्थितीत राहतो, त्याला कॉल लावत बसू नये, रुग्णालयात न्यावं. लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारं औषध घेणाऱ्याला उलट्या-जुलाब होऊन हात जोराने थरथरू लागले, तरी तसंच.

पण माझं खरं सांगणं यापुढचं आहे. गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे मी पलंगावर होते. पहिल्याच आठवड्यात वही बंद पडली. दुसऱ्या आठवड्यात रक्त द्यायचं राहिलं. फोन तोच, डॉक्टर त्याच, भाऊही तोच. कमी होते ते माझे हात आणि पाय. तेव्हा लक्षात आलं, की दूरवरून उपचार म्हणतात त्यात घरात एक बहीण किंवा आई आहे, ती शिकलेली आहे, तिला वेळ आहे, असं न बोलता गृहीत धरलेलं असतं. जो एकटा राहतो, ज्याच्या घरच्यांनी हात टेकले आहेत, ज्याच्याकडे दार लावून बोलायला खोली नाही, त्याला नुसती व्हिडिओची लिंक पाठवून कसं चालेल?

शेवटी डॉक्टरांच्या ओळखीच्या एका सिस्टर घरी येऊ लागल्या. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. वजन घ्यायच्या, पोटाला हात लावायच्या, रक्ताची नळी भरायच्या आणि तिथेच बसून त्यांच्या फोनवरून कॉल जोडून द्यायच्या. मी बरी झाल्यावरही आम्ही त्यांना येऊ द्या म्हटलं. भाऊ त्यांना असं काहीबाही सांगतो जे मलाही सांगत नाही आणि मॅडमनाही नाही.

म्हणून ज्यांच्या हातात अशा सेवा उभारणं आहे, त्यांना माझं सांगणं आहे की डॉक्टर खुशाल दूर असू द्या, पण रुग्णाजवळ पगारी, शिकवून तयार केलेली दोन हातांची माणसं द्या. फोन आणि अ‍ॅपवर खर्च करण्याआधी या माणसांवर करा. ते काम घरातल्या बाईच्या जिवावर ढकलू नका. आणि आपल्याला विनंती, की अशा एखाद्या सेवेची माहिती छापताना किती कॉल झाले एवढंच न विचारता, वजन कोण करतं, इंजेक्शन कोण देतं, रात्री धावून कोण येतं, हेही विचारावं आणि छापावं.

हे पत्र पाठवण्याआधी भावाला वाचून दाखवलं. छापायला त्याची हरकत नाही. त्याने एकच दुरुस्ती सांगितली. कॅमेऱ्यावरची पट्टी त्याने पाचव्या कॉलला काढली असं मी लिहिलं होतं. तो म्हणाला, सातव्या. मी जुनी वही काढून बघितली. त्याचंच बरोबर होतं. वर तसं दुरुस्त केलं आहे.

आपली,
एक बहीण
(नाव छापू नये, ही विनंती)